कोॲग्युलेज चाचणी टप्प्याटप्प्याने: स्टॅफिलोकोकस आपल्याच प्रथिनांना कामाला कसा लावतो

बी.एस्सी. असो, एम.एस्सी. असो की डीएमएलटी, मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ओळखण्याची कोॲग्युलेज चाचणी चुकत नाही. नळीत सशाचा प्लाझ्मा, त्यात स्टॅफिलोकोकसची कॉलनी, ३७ अंशांवर चार तास. नळी तिरकी करायची, गुठळी दिसली की जर्नलात ‘पॉझिटिव्ह’ लिहायचे आणि सही घ्यायची. व्हायवाला मात्र ‘ही गुठळी कशाची?’ एवढे विचारले, की बरीच मुले ‘बॅक्टेरियाची’ म्हणून मोकळी होतात.

त्या गुठळीतला धागा न धागा सशाच्या फायब्रिनोजेनपासून (गुठळीच्या फायब्रिन धाग्यांचा कच्चा माल असलेले प्लाझ्मातले प्रथिन) बनलेला असतो. ते फायब्रिनोजेन कापणारे एन्झाइमही सशाच्याच प्रोथ्रॉम्बिनमधून (थ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या एन्झाइमचे निजलेले रूप) आलेले असते. जंतूने आपल्या पदरचे एकच प्रथिन, कोॲग्युलेज, घातलेले असते आणि ते स्वतः काहीही कापत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

म्हणून ही चाचणी मला प्रयोगशाळेतल्या इतर ओळखचाचण्यांपेक्षा वेगळी वाटते. कॅटालेजमध्ये जंतूचे स्वतःचे रसायन दिसते. इथे रोगजंतू आणि यजमान (जंतू ज्याच्या शरीरात राहतो तो) यांच्यातला व्यवहार उघड्या डोळ्यांनी दिसतो. प्लाझ्मा कुठला घ्यायचा, नळी का हलवायची नाही, रात्रभर ३७ अंशांवर का ठेवायची नाही, या प्रत्येक सूचनेचे कारण कुठल्या ना कुठल्या यजमान प्रथिनात सापडते. ते कारण कळले की सूचना पाठ करावी लागत नाही. खाली पद्धत आणि कारण बरोबरच दिले आहे.

आधी प्लाझ्मा ठरवा

चाचणी बिघडते ती बहुतेकदा प्लाझ्मामुळे. सगळ्यात साधी गफलत म्हणजे प्लाझ्माऐवजी सीरम वापरणे. लाल झाकणाच्या साध्या नळीत रक्त गोठते आणि वर सीरम सुटते. त्यातले फायब्रिनोजेन आधीच गुठळीत खर्ची पडलेले असते. अशा सीरममध्ये कितीही जोमदार स्टॅफ टाका, गोठायला काही उरलेलेच नसते. शिकवताना मी म्हणेन, एक नळी मुद्दाम सीरमची ठेवा. शेजारची प्लाझ्माची नळी गोठते आणि ही पाण्यासारखी वाहते, हे एकदा पाहिले की फायब्रिनोजेन वेगळे समजावावे लागत नाही.

आता गोठणरोधक कोणता? जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी उत्तम. निळ्या झाकणातले सायट्रेट चालते, पण त्यात एक मेख आहे. सायट्रेट आणि ईडीटीए दोन्ही रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवतात आणि म्हणून प्लाझ्मा पातळ राहतो. काही जंतू सायट्रेट खातात, एन्टेरोकोकस त्यातलाच. सायट्रेट संपले की कॅल्शियम सुटते आणि प्लाझ्मा आपला आपणच गोठतो. कल्चर भेसळ असेल, तर अशी खोटी पॉझिटिव्ह नळी हमखास फसवते. ईडीटीएच्या बाबतीत ही भीती नाही. हिरव्या झाकणातले हेपॅरिनही चालते. रक्त गोठू न देणारे औषध असून त्यातही कोॲग्युलेज प्लाझ्मा गोठवतो; असे का, ते पुढे येईल.

प्राण्यांमध्ये ससा पहिल्या पसंतीचा. बाजारात सशाचा ईडीटीए प्लाझ्मा कोरड्या पावडरीच्या रूपात मिळतो. बाटलीवर लिहिले असेल तेवढ्या निर्जंतुक पाण्यात तो हलक्या हाताने विरघळवावा. आपल्याकडे अनेक ठिकाणी ब्लड बँकेचा मुदत संपलेला मानवी प्लाझ्मा वापरतात, कारण तो फुकट असतो. मी टाळा म्हणेन. दात्यागणिक त्यात स्टॅफविरुद्धच्या अँटिबॉडी कमी-जास्त असतात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा धोका असतो आणि ब्लड बँकेच्या पिशवीत गोठणरोधक म्हणून सायट्रेटच असते.

प्लाझ्माची नवी बाटली उघडली की आधी तिचीच परीक्षा घ्या. थोड्या प्लाझ्मात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण घातल्यावर तो गोठायला हवा. गोठला नाही तर फायब्रिनोजेन किंवा प्रोथ्रॉम्बिन खराब झाले आहे असे समजा आणि ती बाटली बाजूला ठेवा.

कॉलनी निवडताना

ग्रॅम स्टेनमध्ये झुबक्यांनी बसलेले जांभळे गोल जंतू आणि कॅटालेज पॉझिटिव्ह, एवढे झाल्याशिवाय कोॲग्युलेजकडे वळू नये. अशा झुबक्यांचे जंतू गळवाच्या पुवात असतात हे १८८०च्या सुमारास ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी दाखवले होते, आणि आजही पू आला की आपण पहिल्यांदा तेच शोधतो. कॉलनी ब्लड अगर किंवा न्यूट्रिएंट अगरवरची, १८ ते २४ तासांची घ्या. मॅनिटॉल सॉल्ट अगरवरची पिवळी कॉलनी दिसायला छान असते, पण स्लाइड चाचणीसाठी ती नको. त्या माध्यमातल्या भरपूर मिठामुळे पेशी आपल्या आपणच गोळा होतात आणि निकाल वाचता येत नाही. कॅटालेजला ब्लड अगर वापरत असाल तर कॉलनीबरोबर अगर खरवडून येऊ देऊ नका, कारण तांबड्या पेशींतही कॅटालेज असते.

सोबत नियंत्रणे हवीतच. पॉझिटिव्हसाठी एटीसीसी (अमेरिकेतला कल्चर संग्रह) २५९२३ हा स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि निगेटिव्हसाठी एटीसीसी १२२२८ हा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस सर्रास वापरतात. हे नसतील तर चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या सरकारी कल्चर संग्रहातून खात्रीचे वाण (स्ट्रेन) मागवता येतात.

हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका. ऑरियस हा रोजच्या पाहण्यातला जंतू आहे, साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात तो सापडतो. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

स्लाइड चाचणी: फायब्रिनोजेनच्या शेपटीला पकडणे

स्वच्छ स्लाइडवर सलाईनचे दोन थेंब अंतर ठेवून टाका. दोन्हींत कॉलनी घोळून दुधाळ, एकसारखे मिश्रण करा. इथे क्षणभर थांबून दोन्ही थेंब नीट पाहा. प्लाझ्मा घालण्याआधीच कण दिसू लागले, तर ते वाण स्वतःहून गोळा होणारे आहे. त्याची स्लाइड चाचणी करण्यात अर्थ नाही, सरळ नळीकडे जा. मिश्रण एकसारखे राहिले तर एका थेंबात लूपभर प्लाझ्मा मिसळा, दुसरा तसाच ठेवा. स्लाइड हळू मागे-पुढे झुलवा. साधारण १० सेकंदांत पांढऱ्या गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. मिनिटभराने दिसलेल्या गुठळ्या धरू नका.

या दहा सेकंदांत काय घडते? ऑरियसच्या पृष्ठभागावर ‘क्लम्पिंग फॅक्टर ए’ नावाचे प्रथिन असते. सॉर्टेज नावाचे एन्झाइम त्याचे बूड पेशीभित्तीला पक्के जोडते (सॉर्टेजचा शोध १९९९ मध्ये लागला). बुडाला सेरीन आणि ॲस्पार्टेट यांच्या पुनरावृत्तीचा लांब दांडा आणि त्याच्या टोकाशी पकड घेणारा भाग, अशी त्याची बांधणी. या भागात दोन घड्या शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये खाच असते. फायब्रिनोजेनच्या गॅमा साखळीची शेपटी या खाचेत शिरते, एका घडीचा शेवटचा पट्टा तिच्यावरून जाऊन दुसऱ्या घडीत अडकतो आणि शेपटी कोंडली जाते.

एका फायब्रिनोजेनला अशा दोन शेपट्या असतात, रेणूच्या दोन बाजूंना एकेक. एक शेपटी या जंतूने धरली, दुसरी शेजारच्या जंतूने, की मध्ये पूल तयार. असे हजारो पूल झाले की स्लाइडवर ती पांढरी रवाळ गुठळी दिसते. लक्षात घ्या, इथे फायब्रिनोजेन कापले गेलेले नाही, फायब्रिन झालेले नाही. पेशी नुसत्या एकमेकींना बांधल्या गेल्या. स्लाइडवरची गुठळी आणि नळीतली गुठळी या म्हणूनच दोन सर्वस्वी वेगळ्या घटना आहेत, आणि एकाच नावाखाली त्या शिकवल्या जातात हे मला खटकते.

ही शेपटीही काही सहज निवडलेली नाही. आपल्या प्लेटलेट एकमेकींना धरतात त्या याच शेपटीच्या आधाराने. जखम बंद करण्यासाठी शरीराला जो भाग बदलून चालत नाही, नेमका तोच जंतूने धरला आहे.

स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून ऑरियस नाही असे म्हणू नका. काही वाणांवर शर्करेचे जाड कवच असते, त्याखाली क्लम्पिंग फॅक्टर झाकला जातो आणि फायब्रिनोजेन तिथवर पोहोचत नाही. निगेटिव्ह स्लाइडची नळी लावायचीच.

लॅटेक्स किट वापरत असाल तर

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हल्ली स्लाइडऐवजी लॅटेक्स किट असते. त्यातल्या मण्यांवर दोन गोष्टी चिकटवलेल्या असतात: फायब्रिनोजेन आणि आयजीजी अँटिबॉडी. फायब्रिनोजेन क्लम्पिंग फॅक्टरसाठी. आयजीजी कशासाठी, तर ऑरियसच्या पृष्ठभागावरच्या ‘प्रोटीन ए’साठी. कवचामुळे पहिला गळ चुकला तर दुसरा लागावा, हा हिशेब. काही किटमध्ये कवचाविरुद्धच्या अँटिबॉडीही असतात.

प्रोटीन ए ही या जंतूची सगळ्यात प्रसिद्ध चलाखी. अँटिबॉडीचे दोन हात जंतूला धरतात आणि मागची शेपूट, म्हणजे एफसी, बाहेर राहते; न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी ती शेपूट ओळखून जंतूला गिळते. प्रोटीन एला पाच भाग असतात आणि पाचही भाग एफसीला धरतात. परिणामी अँटिबॉडी उलटी धरलेल्या छत्रीसारखी होते: दांडा जंतूकडे, कापड बाहेर. न्यूट्रोफिलला पकडायला काही उरत नाही. प्रोटीन ए एफसीला बांधते हे १९६६ मध्ये फोर्सग्रेन आणि श्यॉक्विस्ट यांनी दाखवले. पुढे औषधउद्योगाने याच पकडीचा उपयोग करून घेतला आणि आज मोनोक्लोनल अँटिबॉडी शुद्ध करताना पहिला कॉलम बहुधा प्रोटीन एचाच असतो. मानवी आयजीजी-३ मात्र या कॉलमवर टिकत नाही, हे प्रोजेक्ट करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नळी चाचणी: कापल्याशिवाय जागे झालेले प्रोथ्रॉम्बिन

चार छोट्या नळ्या घ्या आणि प्रत्येकीत ०.५ मिली प्लाझ्मा घाला. पहिलीत तुमचे वाण, दोन ते चार कॉलन्या घोळून. दुसरीत पॉझिटिव्ह नियंत्रण, तिसरीत निगेटिव्ह. चौथीत काहीच नाही, नुसता प्लाझ्मा. चारही नळ्या ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. पहिले चार तास दर अर्ध्या-एक तासाने बघा.

बघायचे कसे, याला महत्त्व आहे. नळी हळू आडवी करायची. झटकायची नाही, टिचकी मारायची नाही. सुरुवातीचे फायब्रिनचे जाळे इतके नाजूक असते की एका झटक्यात मोडते आणि बरेचदा पुन्हा जमत नाही. प्लाझ्मा जागच्या जागी थरथरत राहिला तर उत्तम पॉझिटिव्ह; द्रवात तरंगणारी स्पष्ट गुठळी दिसली तरी पॉझिटिव्हच. नुसते तंतू किंवा ढगाळपणा असेल तर ताज्या कल्चरवरून पुन्हा करा.

चार तासांत काही झाले नाही तर नळ्या बाहेर काढून खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. ३७ अंशांवर ठेवू नका. बऱ्याच ऑरियसमध्ये स्टॅफिलोकायनेज नावाचे आणखी एक प्रथिन असते. ते आपल्या प्लाझ्मिनोजेनला हाताशी धरून प्लाझ्मिन तयार करवते आणि प्लाझ्मिन फायब्रिन विरघळवते. तिसऱ्या तासाला झालेली गुठळी सकाळी गायब आणि तुमच्या वहीत निगेटिव्ह! म्हणून पहिल्या चार तासांतले वाचन चुकवायचे नाही. गुठळी करवणारा आणि मोडवणारा जंतू एकच, आणि दोन्ही वेळा माल आपलाच.

आता मुख्य यंत्रणा. आपल्या शरीरात प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन होते तेव्हा साखळीतला एक बंध कापला जातो. कापल्यावर जे नवे टोक मोकळे होते, ते मागे वळून रेणूतल्याच एका खोबणीत बसते आणि त्यामुळे एन्झाइमचे कापणारे केंद्र आकार घेते. हा बंध कापण्यासाठी फॅक्टर टेन, फॅक्टर फाइव्ह, पेशीपटल आणि कॅल्शियम असा सगळा लवाजमा लागतो. कोॲग्युलेजला यातले काही लागत नाही. त्याच्या स्वतःच्या सुरुवातीची आयसोल्युसीन-व्हॅलीन ही दोन अमिनो आम्ले नेमक्या त्याच खोबणीत जाऊन बसतात. बंध अखंड असतानाच केंद्र तयार होते. २००३ मध्ये या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा हे टोक खोबणीत बसलेले प्रत्यक्ष दिसले. या जोडीला स्टॅफिलोथ्रॉम्बिन म्हणतात आणि ती फायब्रिनोजेन कापू लागते.

ईडीटीए असलेला प्लाझ्मा गोठतो याचे उत्तर इथे आहे. कॅल्शियम लागते ती सगळी पायरीच जंतूने वगळलेली असते. हेपॅरिनचेही तसेच. हेपॅरिन काम करते ते अँटिथ्रॉम्बिनच्या मार्फत, आणि कोॲग्युलेजला बिलगलेल्या प्रोथ्रॉम्बिनपुढे अँटिथ्रॉम्बिनचे काही चालत नाही. डॅबिगॅट्रानसारखी, थेट केंद्रात शिरून बसणारी लहान औषधे मात्र त्याला रोखू शकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ते दाखवले गेले आहे. रुग्णाला उपचार म्हणून ती देण्याइतका पुरावा त्यावरून मिळत नाही.

एक जोड प्रयोग, वेळ असेल तर जरूर करा

क्लम्पिंग फॅक्टर पृष्ठभागावर बसलेला आणि कोॲग्युलेज बाहेर सोडलेले, हा फरक पुस्तकात एका ओळीत असतो. हातानेही तो दाखवता येतो. ऑरियस ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवा आणि सेंट्रिफ्यूज करा. वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. खाली बसलेल्या पेशी सलाईनमध्ये दोन-तीनदा धुऊन घ्या.

गाळलेला द्रव नळीतल्या प्लाझ्मात घाला: एकही जंतू नसताना प्लाझ्मा गोठतो. वाणानुसार वेळ पुढे-मागे होईल. धुतलेल्या पेशींची स्लाइड चाचणी करा: लगेच गुठळ्या. मग गाळलेला द्रव स्लाइडवर प्लाझ्माबरोबर लावून पाहा, त्या दहा सेकंदांत काही दिसणार नाही. धुतलेल्या पेशी नळीत लावण्याचा मोह टाळा. त्या जिवंत आहेत, प्लाझ्मात बसून ताजे कोॲग्युलेज बनवतील आणि तुमचा मुद्दा बिघडवतील.

दोन्ही निकाल एकत्र वाचताना

स्लाइड आणि नळी दोन्ही पॉझिटिव्ह आणि नमुना माणसाचा, तर बहुतेक वेळा ऑरियस. स्लाइड निगेटिव्ह पण नळी पॉझिटिव्ह आली तरी ऑरियसच समजून पुढे जा. उलटे झाले, म्हणजे स्लाइड पॉझिटिव्ह आणि नळी निगेटिव्ह, तर थांबा. तो स्टॅफिलोकोकस लुग्डुनेन्सिस असू शकतो. त्याच्याकडे फायब्रिनोजेन धरणारे पृष्ठभाग-प्रथिन आहे, बाहेर सुटणारे कोॲग्युलेज नाही. पीवायआर आणि ऑर्निथीन डिकार्बोक्झिलेज या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तर संशय पक्का. याला ‘कोॲग्युलेज निगेटिव्ह, त्वचेवरची भेसळ’ म्हणून सोडून देऊ नये, हृदयाच्या झडपांचा तो फार वाईट संसर्ग करतो. कुत्रा चावलेल्या जखमेचा नमुना असेल तर नळी पॉझिटिव्ह करणारा स्यूडइंटरमीडियसही डोक्यात असू द्या.

कोॲग्युलेजचा निकाल औषधाविषयी काही सांगत नाही. एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस) आहे का, यासाठी सेफॉक्झिटिन या प्रतिजैविकाची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क लावावी लागते. ऑरियससाठी डिस्कभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे एमआरएसए. काम झाले की नळ्या १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा, स्लाइड १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये.

शरीरात हेच कसे वापरले जाते

शिकागो विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये उंदरांच्या गळवांत पाहिले, की जंतूंच्या वसाहतीभोवती फायब्रिनचे कुंपण असते आणि वसाहतीच्या आत-भोवती कोॲग्युलेज सापडते. बाहेरच्या कडेला जंतूचे दुसरे एक प्रथिन असते, व्हॉन विलेब्रांड फॅक्टर (रक्त गोठण्यातले यजमानाचे आणखी एक प्रथिन) धरणारे. तेही प्रोथ्रॉम्बिनला त्याच युक्तीने जागे करते. दोन्ही काढून टाकलेल्या वाणाला धड गळू करता आले नाही. गळू ही शरीराने जंतूला घातलेली भिंत, असे आपण शिकतो. त्या भिंतीच्या आतले एक अस्तर जंतूने शरीराच्याच सामानातून बांधून घेतलेले असते.

बाकीची पृष्ठभाग-प्रथिने भरभर सांगतो. क्लम्पिंग फॅक्टर बी नाकातल्या त्वचेच्या लोरिक्रिन या प्रथिनाला धरतो, म्हणून जंतू नाकात टिकतो. फायब्रोनेक्टिन धरणारी प्रथिने आपल्या फायब्रोनेक्टिनचा पूल करून पेशीवरच्या इंटिग्रिनला जोडतात आणि जंतू पेशीच्या आत ओढला जातो. आयएसडी-बी हे प्रथिन हिमोग्लोबिनला धरून त्यातल्या हीममधून लोह मिळवते, आणि माणसाचे हिमोग्लोबिन त्याला उंदराच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त मानवते.

मग या प्रथिनांवर लस का नाही? प्रयत्न झाले आहेत. आयएसडी-बीवर आधारलेली मर्कची व्ही७१० ही लस हृदयशस्त्रक्रियेच्या सुमारे ८,००० रुग्णांत तपासली जात होती. २०११ मध्ये ती चाचणी थांबवली गेली. संसर्ग टळला नाहीच, वर लस घेतलेल्यांपैकी ज्यांना ऑरियसचा संसर्ग झाला त्यांच्यात मृत्यू अधिक आढळले. क्लम्पिंग फॅक्टर एचा समावेश असलेली फायझरची चार घटकांची लस मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तपासली, तीही २०१८ मध्ये उपयोग दिसेना म्हणून थांबली. एक पकड अडवली तर दुसरी तयार असते, हे एक कारण. दुसरे म्हणजे अँटिबॉडी आली की तिला उलटी धरायला प्रोटीन ए बसलेलेच आहे.

मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकस या जंतूची गोष्ट याच्या नेमकी उलट. तो माणसाच्या रक्तातला फॅक्टर एच स्वतःच्या पृष्ठभागावर ओढून घेतो. रक्तातली कॉम्प्लिमेंट ही जंतू मारणारी यंत्रणा शरीराच्याच पेशींवर उलटू नये म्हणून हे प्रथिन असते आणि जंतू त्याआड लपतो. त्याला धरणाऱ्या एफएचबीपी या प्रथिनावर ट्रुमेन्बा ही लस उभी आहे आणि बेक्सेरोमध्येही ते एक घटक आहे. दोन्ही वापरात आहेत. फरक पेशीभित्तीचा: मेनिंगोकोकसच्या पातळ आवरणाला अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट मिळून भोक पाडू शकतात. स्टॅफच्या जाड भित्तीपुढे ते जमत नाही, तिथे न्यूट्रोफिलने गिळावेच लागते.

प्रोजेक्ट करणार असाल तर

‘अमुक जंतूचे अमुक प्रथिन यजमानाच्या तमुक प्रथिनाला बांधते’ असा दावा वाचताना किंवा करताना मी आधी प्रथिन कोणत्या प्राण्याचे ते बघतो. एफएचबीपी माणसाच्या फॅक्टर एचला धरते, उंदराच्या नाही. साध्या उंदरात त्याचे खरे वजन दिसणारच नाही. मग मात्रा. माणसाच्या प्लाझ्मात फायब्रिनोजेन लिटरला २ ते ४ ग्रॅम असते, त्यामानाने नगण्य मात्रेत दिसलेली पकड खऱ्या रक्तात टिकेलच असे नाही. ते जनुक काढल्यावर पकड जाते का आणि परत घातल्यावर येते का, हे दोन्ही दाखवलेले हवे. पेशींवर प्रयोग करताना माध्यमातले वासराचे सीरम धुऊन काढले होते का, हेही विचारा. त्यातले फायब्रोनेक्टिन आयता पूल बनते.

एम.एस्सी.ला साजेसा, फार खर्च नसलेला एक विषय सुचवतो. कासदाह झालेल्या गाई-म्हशींच्या दुधातून ऑरियस वेगळा करा आणि माणसांच्या पुवातला ऑरियस शेजारी ठेवा. दोघांचीही नळी चाचणी सशाच्या आणि गाईच्या ईडीटीए प्लाझ्मात एकाच वेळी लावा. सशाच्या प्लाझ्मात दोघेही गोठवतील. गाईच्या प्लाझ्मात माणसाकडची वाणे बहुधा मागे पडतात आणि जनावरांकडची पुढे जातात. २०१० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी याचे कारण दाखवले: जनावरांत रुळलेल्या वाणांकडे जनुकांच्या एका फिरत्या बेटावर व्हॉन विलेब्रांड फॅक्टर धरणाऱ्या प्रथिनाची जादा आवृत्ती असते, आणि ती रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे प्रोथ्रॉम्बिन जागे करते. गाईचा प्लाझ्मा ताजा वापरा, प्रत्येक जनावराचा वेगळा ठेवा. जे वाण त्यात गोठवेल त्याचे डीएनए काढून त्या जनुकासाठी पीसीआर लावा. दुधाच्या गोठ्यात काम करणाऱ्याच्या हातावरच्या फोडातले वाण मिळाले, तर त्याची नळीही याच रांगेत लावा.